पाठ सोडू नका

माझ्या भाच्याने "मी डिझायनर झालोय" असं सांगितलं, तेव्हा मी भोळेपणाने पडद्यांचं कापड त्याच्या घरी नेऊन टाकलं होतं. तो हसून हसून लोळायचाच बाकी राहिला. "अगं मावशी, मी शिवणकाम नाही करत." मग काय करतोस, असं विचारलं तर म्हणे, "विचार करतो." आता बोला! विचार करायची नोकरी असते हे मला या वयात कळलं. माझी बहीण मात्र तेव्हापासून जमिनीवर पाय ठेवत नाही.

मी फ्रीज आणि एसीची दुरुस्ती शिकवते. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या तरुण मुलामुलींसाठीचं प्रशिक्षण केंद्र आहे आमचं. माझ्या वर्गात बाकं कमी आणि बंद पडलेले फ्रीज जास्त. मुलं मला माझ्यामागे 'कंप्रेसर' म्हणतात. लवकर तापते आणि तापले की आवाज करते, म्हणून. मला ते माहीत आहे, हे त्यांनाही माहीत आहे. चालतं.

तर आमच्या प्राचार्यांच्या डोक्यात आलं, की अभ्यासक्रम जुना झालाय, नवा करायचा, आणि तोही डिझाइन थिंकिंगने. एवढ्या मोठ्या जगात त्यासाठी त्यांना नेमका माझ्या बहिणीचा मुलगा सापडला. सोमवारी सकाळी हा पठ्ठ्या गळ्यात ओळखपत्र अडकवून माझ्या वर्गाच्या दारात उभा, आणि म्हणतो काय, "गुड मॉर्निंग, मॅडम."

"मॅडम?" मी म्हटलं. "तुझं शेंबडं नाक पुसलंय मी. मावशी म्हण."

वर्गात हशा पिकला. त्याचे कान लाल झाले, पण तोही हसला. तेवढं एक चांगलं आहे त्याचं, राग धरत नाही. आमच्या घराण्यातला सगळा राग माझ्याच वाट्याला आलाय.

मग त्याने पद्धत समजावून सांगितली. अभ्यासक्रम चार मोठ्यांनी खोलीत बसून ठरवायचा नाही. ज्यांना शिकायचंय, त्यांच्यापासून सुरुवात करायची. आधी त्यांना समजून घ्यायचं, मग प्रश्न नेमका मांडायचा, मग सुचतील ते उपाय काढायचे, त्यातल्या एकाचा कच्चा नमुना करून वापरून बघायचा. आणि तो मोडला तर खुशाल मोडू द्यायचा, कारण मोडल्याशिवाय कुठे चुकलं ते कळत नाही. खरं सांगते, हे मला पटलं. बंद फ्रीज समोर आला की आम्ही तरी दुसरं काय करतो? पण तोंडावर कशाला सांगायचं, लगेच शेफारतो.

माझं डोकं सटकलं ते एकाच गोष्टीवर. तो मुलांना 'वापरकर्ते' म्हणत होता. वापरकर्त्यांच्या गरजा, वापरकर्त्यांच्या अडचणी.

"अरे, ही पोरं आहेत," मी म्हटलं, "मिक्सर विकत घेतलेली गिऱ्हाइकं नाहीत."

"मावशी, आमच्यात तो शब्द तसाच असतो."

"तुमच्यात असू दे. माझ्या वर्गात मुलं म्हणायचं."

त्याने रंगीत, चिकटणाऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. प्रत्येकाने या शिकण्याबद्दल मनात असेल ते लिहायचं, नाव घालायचं नाही, आणि समोरच्या फ्रीजच्या दारावर चिकटवायचं. नियम एकच. एका चिठ्ठीवर तीनच शब्द. "जास्त जागा दिली की माणूस भाषण ठोकतो," तो म्हणाला. "तीन शब्दांत खरं बाहेर पडतं."

आमच्या वर्गात एक मुलगा आहे, त्याला सगळे वकील म्हणतात. नळाला पाणी आलं तरी तो का आलं म्हणून उलटतपासणी घेईल. त्याचा हात लगेच वर. "सर, 'येत नाही' हा एक शब्द धरायचा की दोन?"

"दोन."

"मग माझी तक्रार बसत नाही."

"मग दुसरी तक्रार कर," भाचा म्हणाला आणि पुन्हा हशा झाला.

मुलं खिदळत लिहायला लागली. 'पुस्तक जड आहे.' 'हात लावू द्या.' 'गॅसने डोकं दुखतं.' एकावर होतं 'मॅडम फार ओरडतात' आणि खाली बदाम काढला होता. अक्षर वकिलाचं. मी त्याच्याकडे बघितलं, तर तो छताकडे बघत होता.

कोपऱ्यातल्या फ्रीजपाशी एक मुलगी बराच वेळ पेन दाताखाली धरून उभी होती. तिला वर्गात कुलूप म्हणतात. तोंड उघडत नाही म्हणून. प्रश्न विचारला तर हाताने करून दाखवेल, पण बोलणार नाही. ती बोटांवर काहीतरी मोजत होती, खोडत होती, पुन्हा मोजत होती. सगळ्यात शेवटी तिची चिठ्ठी लागली.

संध्याकाळी भाच्याने सगळ्या चिठ्ठ्या काढून ढीग लावले. पुस्तकांचा एक, अवजारांचा एक, वासाचा एक, माझ्या ओरडण्याचा एक. मग एक हिरवी चिठ्ठी हातात घेऊन तो थांबला आणि मोठ्याने वाचली, "पाठ सोडू नका." त्याचा चेहरा उजळला. "बघ मावशी, तू म्हणतेस यांना शिकायचा कंटाळा आहे. यांना एकसुद्धा पाठ गाळलेला चालत नाही."

"मी कधी म्हटलं कंटाळा आहे?" मी म्हटलं आणि माझी पिशवी उचलली. ती चिठ्ठी 'पाठ आणि तासिका' या ढिगावर गेली.

पंधरवड्याने बैठक झाली. प्राचार्यांच्या हातात चकचकीत छापलेला नवा अभ्यासक्रम होता. बऱ्याच गोष्टी चांगल्या होत्या, खोटं कशाला बोलू. पुस्तक पातळ झालं होतं, हातात पाना लवकर मिळणार होता, वर्गाला पंखा मंजूर झाला होता. पण शेवटच्या पानावर प्राचार्यांनी स्वतःची भर घातली होती. एकही पाठ वगळला जाणार नाही, आणि जो सलग आठवडाभर वर्गात येणार नाही त्याचं नाव कमी होईल. एकदा कमी झालं की पुन्हा प्रवेश नाही.

मी ताडकन उठले. "आठवडाभर न येणारी पोरं काय सहलीला जातात? कुणाच्या घरी आजारपण असतं, कुणाला कामावर पाठवलेलं असतं. अशांसाठीच तर हे केंद्र काढलंय ना आपण?"

"मॅडम, शांत व्हा." प्राचार्य शांत व्हा म्हणाले की माझं उलटंच होतं. "ही मुलांचीच मागणी आहे. त्यांनी लिहून दिलंय. पाठ सोडू नका."

मी भाच्याकडे पाहिलं. तो टेबलाकडे बघत होता. "चिठ्ठी तर तेच म्हणते, मावशी," तो पुटपुटला.

प्राचार्यांना ते तीन शब्द इतके आवडले की त्यांनी त्याचा लांबलचक फ्लेक्स छापून घेतला. व्हरांड्यात, दारातून आत येताच डोळ्यांत भरेल असा. वर मोठ्या अक्षरांत 'पाठ सोडू नका', खाली बारीक अक्षरांत 'आपले विद्यार्थी'. आणि त्याच्याच खाली भिंतीवर नाव कमी करायचा नियम चिकटवलेला. मी रोज त्याच्याखालून जाताना मान फिरवायचे.

नियम लागू झाला आणि पहिल्याच सोमवारी कुलूप आली नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. गुरुवारी कार्यालयातून निरोप आला, उद्या नाही आली तर तिचं नाव काढतोय.

तिची परीक्षा महिन्याभरावर होती. तिच्या थोरल्या भावाने तिच्यासाठी पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या गोदामात काम बघून ठेवलंय, हे मला वकिलाकडून कळलं होतं. परीक्षा झाली तर ती आपल्या हिमतीवर उभी राहणार होती. नाव गेलं तर खोकी घडी करत जन्म जाणार होता. ज्या पोरीच्या हाताखाली बंद यंत्र गुरगुरायला लागतं, ती पोर खोकी घडी करणार! माझ्या डोळ्यांदेखत? हॅट्.

मी तडक कार्यालयात गेले. भाचा संगणकावर रंगीत चौकोन सरकवत बसला होता.

"ऊठ."

"कुठे?"

"समजून घ्यायला. तुझ्या पद्धतीत पहिलं तेच आहे ना? का ते फक्त चिठ्ठ्यांपुरतं?"

तो आला. बडबड न करता आला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरून जिना चढला की एक लांब गॅलरी आणि गॅलरीला लागून खोल्या. शेवटची खोली तिची. दार उघडंच होतं. आत पलंगावर तिचे वडील, कमरेपासून खाली प्लास्टरमध्ये. परांचीवरून पडले होते, इमारतीच्या रंगकामाला बांधतात त्या. कुलूप त्यांना चमच्याने पाणी पाजत होती. आम्हाला बघून चमचा हातातच राहिला.

"काय गं," मी सुरूच केलं, माझी सवयच ती, "निरोप नाही, पत्ता नाही, उद्या नाव काढणार आहेत तुझं, कळतंय का?"

वडीलच बोलले. "तिचा दोष नाही हो बाई. हिची आई इस्पितळाच्या धुलाईघरात आहे. रात्रीची पाळी होती तोवर जमत होतं. या आठवड्यापासून दिवसाची लावली. मला तर कूससुद्धा बदलता येत नाही."

"अगं मग सांगायचं नाही का? तोंड कशाला दिलंय देवाने?"

मुलीने चमचा वाटीत ठेवला. माझ्याकडे नाही, भाच्याकडे बघून म्हणाली, "सांगितलं होतं. लिहून दिलं होतं."

"काय?" भाच्याने विचारलं.

"पाठ सोडू नका."

"ते तू लिहिलंस? पण ते तर पाठांबद्दल..."

"पाठांबद्दल कुठे?" तिचा आवाज आधी कधी नीट ऐकलाच नव्हता मी. जाडसर होता, ठाम. "माझी. माझी पाठ सोडू नका. बाबा पडले तेव्हाच मला कळलं होतं की मध्येच माझं येणं बंद होणार. शाळेतही असंच झालं होतं. चार दिवस गेले नाही, कुणी विचारायला आलं नाही, मग लाज वाटली, मग शाळाच सुटली. म्हणून लिहिलं, की मी नाही आले तर माझ्या मागे लागा. ओढून न्या."

"मग 'माझी' लिहायचं ना," भाचा म्हणाला.

"चार शब्द होत होते." तिने चार बोटं वर केली. "तुम्ही तीनच म्हणालात. 'नका' काढलं तर उलटा अर्थ होतो. 'पाठ' काढता येत नाही, 'सोडू' काढता येत नाही. मग राहिलं काय? मीच."

खालच्या दुकानात कुणाची तरी किल्ली घासली जात होती, त्याचा आवाज येत होता. मला इतका राग आला, इतकं रडूही आलं, की दोन्हींपैकी कशाला पुढे सोडावं तेच कळेना. ज्या पोरीने ओरडून सांगितलं की मला धरून ठेवा, तिचाच शब्द भिंतीवर टांगून आम्ही तिला बाहेर काढत होतो!

जिन्यावर भाचा मटकन खाली बसला. "मावशी, मी चिठ्ठी वाचली आणि लिहिणारीला विचारलंच नाही."

"मग आता रडतोस काय? नमुना मोडला की काय करायचं असतं?"

"परत पहिल्यापासून."

"मग चल, ऊठ."

प्राचार्यांच्या खोलीत त्याने स्वतःच तोंड उघडलं. म्हणाला, चिठ्ठी मी चुकीची वाचली, तिच्यावर उभा केलेला नियम चुकीचा आहे. अभ्यासक्रमाचे असे सुटे भाग करू की मध्येच थांबलेल्याला थांबला तिथून पुढे उचलता येईल. आणि जो येणार नाही, त्याच्या घरी आपण जायचं, हा त्यातला पहिला भाग. मला त्या क्षणी त्याची पाठ थोपटावीशी वाटली. पण प्राचार्यांसमोर नको म्हटलं.

प्राचार्य ऐकत होते, म्हणजे आम्हाला वाटत होतं. मग म्हणाले, "सगळं छापून झालंय. पुढच्या आठवड्यात पाहुणे बघायला येतायत. एका मुलीसाठी मी आता काही बदलणार नाही. उद्या वर्गात हजर असेल तर राहील, नसेल तर नाव कमी."

"वर्गात हजर," मी म्हटलं.

"हो."

"नक्की ना? वर्गात हजर असली की झालं?"

"मॅडम, मी किती वेळा सांगू? वर्गात हजर."

"बरं," मी म्हटलं आणि हसले. मला ओळखणारी माणसं मी हसले की घाबरतात. प्राचार्य मला ओळखत नाहीत.

शुक्रवारी सकाळी मुलं वर्गात जमली तसं मी सांगितलं, "लागेल ते सगळं सामान उचला. आज वर्ग दुसरीकडे भरतोय." मग काय विचारता! पाने, नळ्या, गॅसची छोटी टाकी, फळा. लहान फ्रीज हातगाडीवर चढला, आणि हातगाडी माझा विचारवंत भाचा ढकलत होता. रस्त्यात लोक वळून बघत होते. एका बाईने विचारलं, घर बदलताय का? वकील म्हणाला, "नाही काकू, वर्ग पळवून नेतोय."

फ्रीज जिन्यावरून चढवताना सगळ्यांचा घाम निघाला. गॅलरीत, तिच्या दारासमोर आम्ही फळा टेकवला. मुलं जमिनीवर बसली, काही उंबऱ्यावर, दोघं आत पलंगाच्या पायथ्याशी. वडील तोंडात बोट घालायचेच बाकी होते. कुलूप दारात उभी, हाताची मूठ ओठांवर.

"काय बघतेस? फ्रीज थंड करत नाहीये, मागची नळी तपास," मी ओरडले, कारण नाहीतर रडले असते. मग हजेरीपट उघडला आणि एकेक नाव पुकारलं. तिचं नाव आलं.

"हजर," ती म्हणाली. खणखणीत.

"मीपण हजर," पलंगावरून वडील म्हणाले, आणि गॅलरी हसून हादरली.

तेवढ्यात मी बघितलं, तर वकील कठड्याला काहीतरी बांधत होता. व्हरांड्यातला फ्लेक्स! "अरे मेल्या, हा कशाला आणलास?"

"तुम्हीच म्हणालात मॅडम, लागेल ते सगळं घ्या. हा लागेल असं वाटलं."

कुलूप पुढे आली. फळ्याचा जाड मार्कर घेतला आणि फ्लेक्सपाशी गेली. 'पाठ'च्या आधी जागा नव्हती, मोठ्या अक्षरांनी सगळी व्यापली होती. मग वहीत शब्द राहिला की आपण खाली खूण करून वर लिहितो ना, तशी खूण तिने केली आणि वर लिहिलं, 'माझी'.

प्राचार्य आले तेव्हा ती फ्रीजच्या मागे पालथी होऊन गळती शोधत होती आणि मुलं तिच्याभोवती दाटीने बसली होती. जिना चढून त्यांना धाप लागली होती. ते गॅलरीत मुलांना ओलांडत आले आणि थेट फळ्यापुढे, आमच्या मधोमध उभे राहिले.

"हा काय तमाशा आहे?"

"वर्ग आहे, सर. हजेरी झालीय. सगळे हजर."

"वर्ग म्हणजे वर्गखोली!"

"नियमात खोली लिहिलेली नाही," वकील लगेच म्हणाला. "मी तीनदा वाचलाय, सर."

त्यांची नजर कठड्याकडे गेली. "आणि हे? केंद्राच्या मालमत्तेवर हे कुणी खरडलं?"

वकील आळ स्वतःवर घ्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात फ्रीजच्या मागून उत्तर आलं. "मी." कुलूप उठून उभी राहिली. हात काळे, गालाला काळं. "तो शब्द आधीचाच आहे, सर. तेव्हा बसला नव्हता."

प्राचार्यांनी फ्लेक्स पुन्हा वाचला. ओठ हलवत, चारही शब्द. मग दारातून आत बघितलं, पलंगाकडे, प्लास्टरकडे. क्षणभर वाटलं, काहीतरी बोलतील. पण मान सोपी नसते खाली घालायला. "मी हे वर कळवणार आहे, मॅडम. रोज इथे भरवणार का वर्ग?"

"तिच्या आईची पाळी बदलेपर्यंत. मग दुसरं कुणी अडकलं तर त्याच्या घरी. कळवा तुम्ही. फक्त चारही शब्द कळवा, एक गाळू नका."

"आणि खाली माझं नाव घाला," माझा भाचा म्हणाला. "अभ्यासक्रम करणारा म्हणून." हातगाडी ढकलून त्याच्या तळहातांना फोड आले होते आणि शर्टाला गंज लागला होता. बहिणीला सांगणार आहे मी, पोरगा तुझा शेवटी डिझायनर झाला.

प्राचार्य तिथेच उभे होते. जावं की थांबावं, त्यांचं ठरत नव्हतं. कुलूप पुन्हा फ्रीजमागे वाकली, नळीवर साबणाचं पाणी लावलं, डोळे बारीक करून बघितलं. मग मान वर केली.

"सर, जरा सरका," ती म्हणाली. "उजेड अडतोय."

ते सरकले.